जुन्या क्रूझ जहाजावर चढताना आणि प्रवास करताना काय अपेक्षा ठेवावी?

प्रश्न (नाशिकहून)

नमस्कार. येत्या जानेवारीत मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप अशी समुद्रसफर करण्याचे आमच्या घरी ठरत आहे. आम्ही पती-पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई असे चौघे आहोत. २०२१ पासून मुंबईहून सफरी करणाऱ्या 'एम्प्रेस' या जहाजाची माहिती वाचताना, ते १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधले गेले आणि पूर्वी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने अमेरिकेकडच्या समुद्रात चालत होते, हे समजले. तेव्हापासून घरात चर्चा सुरू आहे. जाहिरातींत दिसणाऱ्या नव्या जहाजांपेक्षा पस्तीस वर्षांचे जहाज वेगळे असणार हे उघड आहे. पण तो फरक केवळ सजावटीचा असतो की सुरक्षिततेचाही, हे आम्हाला ठरवता येत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि मला स्वतःला लहानपणापासून बोट लागते. जहाजावर चढण्यापासून उतरण्यापर्यंत नेमके काय वाट्याला येते, हे अशा जहाजांवर प्रवास किंवा काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (निवृत्त सागरी अभियंता, पुणे)

सुरक्षिततेचा भाग आधी घेतो, कारण माझी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्येच झाली. जहाजाचे वय आणि जहाजाची प्रकृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रवासी जहाजाचे सुरक्षा प्रमाणपत्र एका वर्षापुरतेच असते आणि दर वर्षी तपासणी होऊन ते नव्याने मिळवावे लागते. शिवाय दर पाच वर्षांनी वर्गीकरण संस्थेची, म्हणजे जहाजांची बांधणी आणि यंत्रे तपासून दाखला देणाऱ्या संस्थेची, मोठी तपासणी होते. तिच्यात जहाजाचे पत्रे किती झिजले आहेत हे ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजतात आणि मर्यादेपलीकडे झिजलेला पत्रा कापून तिथे नवा बसवावा लागतो. त्यामुळे नीट सांभाळलेल्या जुन्या जहाजाचा सांगाडा भक्कम असू शकतो.

'एम्प्रेस' ज्या वर्षी बांधून पूर्ण झाले, त्याच वर्षी, एप्रिल १९९० मध्ये, 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी जहाजावर आग लागून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतर 'सोलास' या समुद्रप्रवासाच्या सुरक्षिततेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात १९९२ मध्ये बदल झाले आणि जुन्या प्रवासी जहाजांनाही ठरावीक मुदतीत पाण्याचे फवारे सोडणारी आणि धूर ओळखणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. म्हणजे आज चालणारे जुने जहाज बांधले गेले तेव्हा होते तसेच आहे, असे समजण्याचे कारण नाही. तरीही नवे आणि जुने जहाज सर्व बाबतींत समान असते असेही मी म्हणणार नाही. १ जुलै २०१० पासून पुढे बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना, एका विभागात आग लागली किंवा पाणी शिरले तरी स्वतःच्या बळावर बंदर गाठता येईल अशी राखीव यंत्रणा ठेवावी लागते. त्याआधीच्या जहाजांना हा नियम लागू नाही. यंत्रणेची ही उणीव कर्मचाऱ्यांच्या शिस्तीने भरून काढावी लागते, म्हणून जुन्या जहाजावर मी शिस्तीकडे सर्वांत आधी पाहतो.

ती शिस्त प्रवाशालाही तपासता येते. जहाज निघण्यापूर्वी किंवा निघाल्यावर लगेच आणीबाणीची कवायत घ्यावी लागते. पूर्वी त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळले तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, आणि १ जानेवारी २०१५ पासून नियम कडक झाला. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे. ती जागा केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूस किंवा आपल्या कार्डावर लिहिलेली असते. कवायत झाल्यावर केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून पाहा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही. मुलीच्या मापाचे जीवरक्षक जाकीट केबिनमध्ये आहे की नाही ते पहिल्याच दिवशी पाहा आणि नसेल तर मागून घ्या.

आता वय कशाला म्हणायचे आणि हेळसांड कशाला, हे सांगतो. जहाजाच्या बाहेरच्या अंगावर गंजाचे ओघळ दिसले तर घाबरू नका. खारे वारे ते दर आठवड्याला निर्माण करतात आणि खलाशी ते वर्षभर रंगवत असतात. जिन्याच्या पायऱ्यांची झिजलेली पट्टी, गालिच्यावरचे डाग, रंगाचे अनेक थर बसून गोलसर झालेल्या कडा, हे सारे वयाचे. मात्र जीवरक्षक होड्या ज्या कमानींना टांगलेल्या असतात त्यांच्या तारांवर ग्रीस नसून गंज असेल, आपोआप मिटणारा अग्निरोधक दरवाजा लाकडाची पाचर मारून उघडा ठेवला असेल, किंवा बोळात सामानाच्या ढकलगाड्या वाट अडवून उभ्या असतील, तर ती हेळसांड आहे आणि ती स्वागतकक्षात स्पष्टपणे सांगावी. तसे सांगणे हा प्रवाशाचा हक्क आहे.

प्रतिसाद २ (ठाणे)

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. मी केबिन आणि चढण्याच्या प्रक्रियेबद्दल लिहिते. पूर्वी एका जुन्या जहाजाने प्रवास केला आहे आणि त्याआधी अशा जहाजांबद्दल बरेच वाचले होते.

'नॉर्डिक एम्प्रेस' हे जहाज मुळात मायामीहून बहामा बेटांकडे जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच आखले गेले होते. त्यामुळे मधला अनेक मजली चौक प्रशस्त, पण केबिन लहान, अशी त्याची रचना आहे. बाल्कनी असलेल्या केबिनही त्या काळच्या पद्धतीप्रमाणे थोड्याच आहेत. म्हणजे केबिनचा लहानपणा वयामुळे आलेला नाही, तो मूळ हेतूतूनच आला आहे. चौघांनी एकाच केबिनमध्ये राहायचे ठरवलेत तर दोघांना भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर शिडीने चढावे लागेल आणि चार बॅगा उघडायला जमीन उरणार नाही. शेजारशेजारच्या दोन केबिन घेणे मला अधिक योग्य वाटते.

अशा जहाजांवर विजेच्या जोडण्या फार कमी असतात. बहुधा आरशासमोर एक-दोन, आणि त्याही कधी अमेरिकी चपट्या पिनांच्या, कधी युरोपी गोल पिनांच्या. दोन्ही प्रकार चालतील असा अडॅप्टर आणि अनेक यूएसबी खाचा असलेला एक चार्जर न्या. इस्त्री, विजेची किटली आणि साधी एक्स्टेन्शन वायर नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे त्या तपासणीतच काढून घेतल्या जातात. न्हाणीघराचा उंबरठा बराच उंच असतो आणि रात्री सासूबाई त्याला अडखळू शकतात, म्हणून आतला दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवा. शॉवरला काचेऐवजी पडदा असतो आणि तो पाण्याबरोबर अंगाला चिकटतो. पाणी हवेच्या दाबाने ओढून नेणारे शौचालय मोठा आवाज करते. त्यात कागदी रुमाल किंवा सॅनिटरी पॅड टाकू नये, कारण एकाने नळ तुंबवला तर त्या ओळीतल्या अनेक केबिनची शौचालये बंद पडतात. वातानुकूलन केंद्रीय असल्याने तापमान हवे तसे बदलत नाही. शाल आणि पायमोजे न्याच. आमच्या केबिनमध्ये पहिल्या रात्री थंडी असह्य झाली होती, तेव्हा केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने हवेच्या झडपेचे तोंड फिरवून दिले आणि प्रश्न सुटला. हे कर्मचारी अत्यंत कष्टाळू असतात. तक्रार पहिल्याच संध्याकाळी आणि नम्रपणे सांगितली की दुरुस्ती लवकर होते; शेवटच्या दिवसापर्यंत मनात ठेवून उपयोग नाही.

चढण्याबद्दल सांगायचे तर, ऑनलाइन चेक-इन घरूनच पूर्ण करा आणि दिलेल्या वेळेच्या फार आधी बंदरावर जाऊ नका. मोठ्या बॅगांना केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या टर्मिनलवरच द्याव्या लागतात, आणि त्या केबिनच्या दारापर्यंत यायला काही तास लागू शकतात. म्हणून औषधे, ओळखपत्रे, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. सुरक्षा तपासणी विमानतळासारखीच असते. पुढे छायाचित्र काढून प्रत्येकाला एक कार्ड मिळते. तेच केबिनची किल्ली, तेच जहाजावरच्या खर्चाचे खाते. मुलीच्या कार्डावर खर्चाची सोय हवी की नको, हे तिथेच सांगून ठेवा.

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की फोन उपग्रहाच्या महागड्या जाळ्याला आपोआप जोडला जाऊ शकतो. जहाज निघताच फोन विमान-मोडवर टाका.

प्रतिसाद ३ (मालवण)

सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार तुम्ही आत्ताच करत आहात हे चांगले आहे. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला चार मीटरांहून अधिक होतो, त्यामुळे धक्क्याच्या ज्या भागात भरतीचे पाणी थेट खेळते तिथे जहाजावर चढण्याच्या शिडीचा उतार तासागणिक बदलतो. चाकांची खुर्ची आरक्षण करतानाच मागून ठेवा.

खरी कसोटी लक्षद्वीपला आहे. तिथली बेटे प्रवाळाच्या कड्यांनी वेढलेली असून आतले सरोवर उथळ आहे, त्यामुळे मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माणसांना लहान बोटींतून बेटावर नेतात. आमच्याकडे जुन्या काळी कोकणबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे; माझ्या आजीने असे अनेक प्रवास केले होते. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. ती वर आली की खलाशी हात देतो, आणि त्याच क्षणी निर्धास्तपणे पाऊल टाकायचे असते. हातात पिशवी, काठी, मोबाइल काहीही नको. गुडघे साथ देत नसतील तर सासूबाईंनी त्या दिवशी जहाजावरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लाटा जास्त असल्या तर उतरणे रद्दही होते आणि तो निर्णय कप्तानाचा असतो. लक्षद्वीपसाठी भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो, तेव्हा त्याची कागदपत्रे कोण आणि कधी पाठवणार, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दोन केबिन घेण्याचे आणि सासूबाईंसाठी खुर्ची मागण्याचे ठरवले आहे. एकच शंका उरली आहे: बोट लागू नये म्हणून केबिन कोणत्या मजल्यावर घ्यावी? आणि इंजिनाच्या आवाजाचे काय?

प्रतिसाद ४ (निवृत्त सागरी अभियंता, पुणे)

जानेवारीत अरबी समुद्र साधारण शांत असतो, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. पावसाळ्यात हेच पाणी खवळते. तरीही 'एम्प्रेस' सुमारे २११ मीटर लांबीचे आहे, आणि २०२४ मध्ये प्रवास सुरू केलेले 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटरांचे. लहान जहाजाला लाट अधिक जाणवते. झोपाळ्याची फळी जशी कड्यांपासून लांब तशी जास्त झुलते, तसेच जहाजाच्या मध्यापासून जितके दूर आणि जितके वर जाल तितकी हालचाल वाढते. म्हणून लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यांपैकी एखादी केबिन घ्या, शक्यतो खिडकीची, कारण क्षितिज दिसत राहिले की मळमळ कमी होते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि जहाज हलायला लागण्यापूर्वी घ्या. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रिकाम्या पोटी राहू नका.

आवाजाबद्दल सांगायचे तर, १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बांधलेल्या बहुतेक क्रूझ जहाजांत इंजिनाची ताकद लांब दांड्यांवरून मागच्या पंख्यांपर्यंत पोहोचते, त्यामुळे मागच्या टोकाला रात्रभर थरथर जाणवते आणि काचेचे पेले किणकिणतात. अगदी पुढच्या टोकाला दुसरा त्रास असतो: पहाटे नांगर सुटताना साखळीचा खडखडाट होतो आणि धक्क्याला लागताना बाजूला ढकलणारे पंखे घरघरतात. मध्यभाग दोन्हींपासून दूर आहे.

एक गोष्ट मात्र आरक्षणाच्या वेळीच सांभाळा. सर्वांत स्वस्त प्रकारात केबिनचा क्रमांक बऱ्याचदा कंपनी नंतर ठरवते आणि जी राहिली ती मिळते. तुमच्यासारख्या प्रवाशांनी थोडे अधिक पैसे देऊन क्रमांक स्वतः निवडता येईल असाच प्रकार घ्यावा, आणि पैसे भरण्यापूर्वी मजल्यांचे नकाशे पाहून आपल्या केबिनच्या बरोबर वर स्वयंपाकघर, नाचगाण्याचे सभागृह किंवा पोहण्याच्या तलावाभोवतीची खुर्च्यांची जागा येत नाही, याची खात्री करून घ्यावी. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर रात्री शांत झोप लागते.