घाट उतरल्यावर पुढचं डावं चाक जाम होतं, गॅरेजमध्ये मात्र मोकळं! ब्रेकच्या जाणकारांची मदत हवी आहे

मंडळी, गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, ८१,००० किमी झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. राहायला इंदूरला, सुदामानगरात.

दिवाळीपासून पुढचे ब्रेक पॅड तीनदा बदलले. दर वेळी डावीकडचा आतला पॅड पार घासलेला आणि उजवीकडचे जवळजवळ नवे. पहिल्यांदा मिस्त्री म्हणाला, पॅड हलके होते. दुसऱ्यांदा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावलं. तिसऱ्यांदा त्यातल्या, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनचं सील बदललं. महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच: पाय काढला तरी गाडी डावीकडे ओढते आणि चाकाशी जळका वास येतो. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत चाक सुटलेलं असतं. जॅकवर फिरवून बघतात आणि "सब ठीक है" म्हणून परत पाठवतात.

गेल्या रविवारी खंडव्याला जाताना भेरूघाट उतरल्याबरोबर सपाटीवर थांबलो, मागच्या चाकांना दगड लावले आणि तिथेच जॅक लावला. डावं चाक हातानं हलेना, उजवं सहज फिरलं. चाळीसेक मिनिटांनी डावंही आपोआप सुटलं. मागचं उजवं चाक पूर्ण वेळ थंड होतं. माझ्या गाडीत पुढचं डावं आणि मागचं उजवं ब्रेक ऑइलच्या एकाच लाइनीवर आहेत. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला जोर देणारा पंप) प्रेशर धरून ठेवत असता, तर मागचं उजवंही तापायला हवं होतं ना?

म्हणून माझा संशय कॅलिपरला जाणाऱ्या रबरी होजवर आहे. आतून रबर फुगलं असेल तर पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पण परत यायला तेवढा जोर नसतो. चाक जाम असतानाच ब्लीडर निपल (कॅलिपरमधलं ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) जरासा सैल करायचा. ऑइल उडून चाक सुटलं तर प्रेशर अडकलेलं, नाही सुटलं तर पिस्टन किंवा पिना, असं मला कळलंय. त्या दिवशी पाना जवळ नव्हता, याची फार हळहळ वाटते.

आता विचारायचंय ते असं. थंड झाल्यावर सुटणं हे अडकणाऱ्या पिस्टनचंही लक्षण असू शकतं का? आणि गाडी जॅकवर ठेवून पेडल वारंवार दाबलं तर जागच्या जागी चाक जाम करून दाखवता येईल का? तसं झालं तर गॅरेजमध्येच ही परीक्षा करता येईल. होज बदलायचा ठरला तर दोन्ही बाजूंचे बदलणार आहे.

ब्रेक ऑइल कधी बदललं याची नोंद सापडत नाही, त्यामुळे ते आधी बदलतोय. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३०° सेल्सियसपर्यंत न उकळता टिकतं, पाणी शोषल्यावर ही हद्द १५५°वर येते. तापलेल्या कॅलिपरमध्ये जुनं ऑइल उकळलं आणि घाटात पेडल खाली गेलं तर, या विचारानं झोप लागत नाही. आई-बाबांना दर महिन्याला मामाकडे खंडव्याला न्यावं लागतं. या वेळी बसनं पाठवतोय, गाडी दारातच उभी आहे.

इंदुरात घरी येऊन ही परीक्षा करून देईल असा मिस्त्री कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.