शब्दचर्चा: ‘टोचन’ म्हणजे नक्की काय? पट्टा, बेल्ट, शॅकल यांतला कुठला शब्द कुठे?

प्रश्न, कराडहून

आमच्याकडे रस्त्यात गाडी बंद पडली की ‘टोचन लाव’. उसाची ट्रॉली रानात रुतली की ‘टोचन लाव’. पावसाळ्यात पाटणकडच्या कच्च्या वाटेवर मित्राची जीप चिखलात बसली, तेव्हाही तोंडात तेच. परवा दुकानात जाऊन ‘टोचन बेल्ट द्या’ म्हटलं, तर दुकानदाराने तीन वस्तू पुढ्यात ठेवल्या. दोन्ही टोकांना हूक असलेला पिवळा पट्टा, हूक नसलेला शिवलेल्या फासांचा रुंद पट्टा आणि मनगटाएवढा जाड विणलेला दोर. तिन्हींना तो टोचन बेल्टच म्हणत होता आणि किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक. माझे प्रश्न असे: टोचन हा शब्द आला कुठून? ‘टोचण’ लिहायचं की ‘टोचन’? या तीन वस्तूंना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? आणि पट्टा गाडीला जोडायच्या लोखंडी शॅकलला काय म्हणायचं? कडी म्हटलं तर चालेल का?

साताऱ्याहून

‘टोचन’ हे टो-चेनचं घासलेलं रूप. लँटर्नचा लालटेन झाला, स्टेशनचं टेसन झालं, त्याच वाटेने हा आला. सुई-काट्याच्या ‘टोचणे’शी त्याचा काही संबंध नाही, म्हणून ‘ण’ घालू नये. ‘टोचण’ लिहिलं की वाचणाऱ्याला टोचणी आठवते. शब्द नपुंसकलिंगी वापरतात: टोचन लावलं, टोचन तुटलं. क्रियापद ‘टोचन करणे’: ‘गाडी टोचन करून गॅरेजला नेली.’

मूळ शब्दात चेन आहे, म्हणजे साखळी. साखळी गेली, वायर रोप म्हणजे लोखंडी तारांचा दोर आला, मग नायलॉन आलं, पण नाव तेच राहिलं. बोलण्यात यात वावगं काही नाही. तुमची अडचण निराळी आहे. ओढणं ही एकच क्रिया नाही आणि आपण तिला एकच नाव देतो. रानातली माणसं यात जास्त काटेकोर असतात. वाळव्याकडचं कुणी असेल तर त्यांनी सांगावं.

वाळवा तालुक्यातून

ताई म्हणतात ते बरोबर आहे. आमच्याकडं ‘ओढ’ वेगळी आणि ‘हिसका’ वेगळा. ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगतात, ‘ओढ धर, हिसका देऊ नको.’ ओढ धरणं म्हणजे साखळीतला सगळा सैलपणा आधी काढायचा, साखळी ताठ झाली की हळूहळू जोर वाढवायचा. हिसका म्हणजे साखळी सैल ठेवून ट्रॅक्टर पळवायचा. हिसक्यानं साखळी तुटते, नाहीतर ट्रॉलीचा हूक उपटून येतो. मोट होती तेव्हा तिच्या जाड दोराला नाडा म्हणायचे. बैल उताराला लागायच्या आधी नाडा ताणून घ्यायचे, ते ह्याच कारणानं.

अजून एक. ‘रुतली’, ‘फसली’ आणि ‘बसली’ हे तीन शब्द एकच नव्हेत. चाक जमिनीत गेलं तर रुतली. चाक फिरतंय पण गाडी पुढंमागं होत नाही, ती फसली. आणि बुडाचा भाग जमिनीला टेकला, चाकावर भारच उरला नाही, तर गाडी पोटावर बसली. पोटावर बसलेली गाडी नुसत्या ओढीनं निघत नाही. आधी चाकापुढची आणि बुडाखालची माती फावड्यानं उकरावी लागते. काळ्या रानात वापसा आला नसताना, म्हणजे जास्तीची ओल उतरली नसताना, ट्रॉली घातली की गळीत हंगामात हे रोजचंच.

कुपवाडहून (एमआयडीसीत क्रेन आणि रिगिंगचं काम)

वरच्या दादांनी ओढ आणि हिसका असा फरक सांगितला, त्यावरच दुकानातल्या त्या तीन वस्तूंची वाटणी होते. माझी सूचना अशी, की एकाला ओढपट्टा म्हणावं आणि दुसऱ्याला हिसकापट्टा.

ओढपट्टा पॉलिएस्टरचा असतो. तो फारसा ताणत नाही. बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू नेण्यासाठी किंवा विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावताना झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळण्यासाठी तो योग्य. हिसकापट्टा नायलॉनचा असतो आणि भार आला की सुमारे 20 टक्के लांबतो. 9 मीटरचा पट्टा जवळजवळ 11 मीटर होतो. पुढची गाडी थोडा सैलपणा ठेवून निघते, पट्टा ताणत जातो, तिची ऊर्जा त्यात साठते आणि मग तो आखडताना मागची गाडी चिखलातून उचलून घेतो. जाड विणलेला दोर हा त्याचाच पुढचा प्रकार, तोही नायलॉनचाच. तो 30 टक्क्यांपर्यंत लांबतो, त्यामुळे धक्का आणखी मऊ लागतो. आता हाच हिसका पॉलिएस्टरच्या पट्ट्याला, वायर रोपला किंवा साखळीला दिला तर ताणायला जागाच नसते. सगळा आघात एका क्षणात हुकावर येतो. म्हणून दुकानात ‘टोचन बेल्ट’ एवढंच मागणं मला धोक्याचं वाटतं. चुकीचा पट्टा हातात पडतो आणि तो चुकीचा आहे हे कळतं ते ऐन हिसक्याच्या वेळी.

हूक असलेल्या पिवळ्या पट्ट्याने हिसका कधीही देऊ नये. हूक सुटला किंवा वाकला तर ते लोखंड ताणलेल्या पट्ट्यासकट मागे येतं आणि काच फोडून आत शिरतं. हिसकापट्ट्याला दोन्ही टोकांना शिवलेले फास हवेत, लोखंड नको.

दुसरा घोळ ‘क्षमता’ या शब्दाचा आहे. माझ्या मते हा शब्दच टाकून द्यावा आणि दोन वेगळे शब्द वापरावेत: कामभार आणि तुटभार. क्रेनच्या पट्ट्यावर लिहिलेला आकडा कामभाराचा असतो, म्हणजे रोज निर्धास्त उचलायचा भार. युरोपीय मानकाच्या स्लिंगमध्ये, म्हणजे क्रेनच्या अशा पट्ट्यात, तुटभार त्याच्या सातपट धरतात. तिथे पट्ट्याचा रंगही ठरलेला: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, करडा 4, लाल 5. गाडीच्या हिसकापट्ट्यावर मात्र जो ‘8 टन’ छापतात तो तुटभार, म्हणजे त्यावर पट्टा तुटतो. आमच्याकडचा हिरवा 2 टनांचा स्लिंग तुटायला 14 टन लागतात आणि तुमचा 8 टनांचा पट्टा 8 टनांवर तुटतो. आकडे शेजारी ठेवून तुलना केली की माणूस हमखास फसतो. क्रेनचे रंग गाडीच्या पट्ट्यांना लागू नाहीत, गाडीचा पिवळा पट्टा हा निव्वळ दिसायला पिवळा. पट्ट्यावरची चिठ्ठी वाचा. चिठ्ठी नसेल तर घेऊ नका.

तुटभार किती हवा? दोन्ही गाड्यांपैकी जी हलकी, तिच्या माणसं-सामानासकट वजनाच्या दोन ते तीनपट. अडीच टनांची जीप धरली तर 5 ते साडेसात टन, म्हणून 8 टनांचा पट्टा तिला जवळचा. जास्त दणकट म्हणून 15 टनांचा घेतला तर हलक्या गाडीने तो ताणलाच जात नाही आणि हिसकापट्ट्याचा उपयोग संपतो.

कराडहून

दादा, हे कुणी इतकं सोडवून सांगितलं नव्हतं. शॅकलचं काय? आणि मी कडी म्हणतो ते चूक का?

कुपवाडहून

कडी म्हणजे बंद गोल किंवा साखळीचा एक दुवा. दाराची कडीही आहेच. शॅकल उघडतं, त्याला आडवी पिन असते. आमचे कामगार ‘शेकल’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. मराठीच हवं असेल तर आकार घोड्याच्या नालासारखा असल्याने नालकडी म्हणा, पण दुकानात शॅकलच मागा.

त्यात दोन जाती. डी-शॅकल अरुंद असतं, सरळ रेषेतल्या ओढीसाठी. बो-शॅकलला रुंद कमान असते, त्यात पट्ट्याचा फास नीट पसरतो आणि ओढ थोडी तिरकी आली तरी चालते. गाडीला बो-शॅकल घ्यावं. इथला आकडा कामभाराचा असतो आणि तो अंगावर उठावात कोरलेला असतो: 16 मिमीच्या शॅकलवर 3.25 टन, 19 मिमीच्या शॅकलवर 4.75 टन. साध्या जीपला 4.75 टनांचं पुष्कळ झालं. आकडा कोरलेला नसेल तर ते शॅकल गुरांच्या गोठ्यात वापरा, गाडीला नको. लावताना फास कमानीत बसवायचा आणि पिन गाडीच्या बाजूला ठेवायची. पिन हाताने पूर्ण घट्ट करून पाव आटा मागे घेण्याची पद्धत आहे. नाहीतर भार आल्यावर ती अशी आवळते की पान्यानेही सुटत नाही.

आता दोरीचं शॅकलही मिळतं. अतिशय मजबूत पॉलिथिलीन धाग्याचं, एका टोकाला गुंडीसारखी गाठ आणि दुसऱ्या टोकाला फास. त्याला मी गाठशॅकल म्हणतो. खिशात मावतं, पाण्यावर तरंगतं आणि तुटलं तरी लोखंड उडत नाही, म्हणून मला ते फार आवडतं. पण त्याला धार आणि उष्णता सोसत नाही. बंपरच्या पत्र्याच्या कडेला घासलं तर गेलंच.

साताऱ्याहून

धारेवरून एक भर घालते. आमच्या बाजूला सडा असतो, जांभ्याचा उघडा माळ. त्यावर मातीचा थर इतका पातळ की गाडी रुतत नाही, घसरून कडेच्या चरात जाते. तिथून ओढताना पट्टा जांभ्याच्या कंगोऱ्यावर घासतो. तेव्हा मध्ये जाड पोतं घालावं. आणि कासच्या सड्यावर गाडी मुळातच घालू नये. पश्चिम घाटाच्या 2012 च्या जागतिक वारशात तो आहे. एका चाकोरीने तिथली फुलांची जागा दबून जाते आणि ती भरून येत नाही.

कराडहून

शेवटचं विचारतो. पट्टा अपुरा पडला तर दोन पट्टे शॅकलने जोडायचे का? आणि गाडीला लावायचं कुठे? माझ्या गाडीला मागे ट्रेलर जोडायचा गोळा आहे, त्याला चालेल का?

कुपवाडहून

शॅकलने जोडणं नको आणि गोळ्याला लावणंही नको. दोन पट्ट्यांच्या मध्ये लोखंड आलं आणि एक पट्टा तुटला, तर ते शॅकल कुठल्याही गाडीच्या काचेतून आत येऊ शकतं. एका पट्ट्याचा फास दुसऱ्याच्या फासातून ओवून घ्या आणि त्या गाठीत गुंडाळलेलं मासिक अडकवा, म्हणजे भार आल्यावर ती आवळून बसत नाही, नंतर सुटते.

ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा लावून कधीही हिसका देऊ नका. गोळा मानेत तुटतो आणि सुटून येतो. ऑस्ट्रेलियात अशा प्रकारांत माणसं दगावली आहेत. गाडीसोबत येणारा, पुढे आट्यावर बसवायचा हूकही रस्त्यावरच्या टोचनासाठी असतो, हिसक्यासाठी नाही. चासीला बोल्टने बसवलेला मजबूत हूक लागतो. नसेल तर आधी तो बसवा, पट्टा नंतर घ्या. पट्ट्यावर मधोमध जाड ब्लँकेट टाका, तुटला तर तो खाली पडायला मदत होते. बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांबीपलीकडे उभं करा, 9 मीटरचा असेल तर साडेतेरा मीटर. गावात गाडी रुतली की पोरं पट्ट्याशेजारीच येऊन उभी राहतात. त्यांना आधी हटवा, मगच गियर टाका.

वाळवा तालुक्यातून

आणि वापरून झाल्यावर पट्टा धुवायचा. काळ्या मातीचे कण आत राहिले तर धागा आतून कापतात. साध्या पाण्यानं धुवायचा, सावलीत वाळवायचा. उन्हानं नायलॉन कमजोर होतं.

कुपवाडहून

बरोबर. ओलं नायलॉनही 10-15 टक्के ताकद गमावतं, तेव्हा पावसात तुटभार थोडा कमीच धरा. कराडच्या दादा, दुकानात ‘हिसकापट्टा’ अजून कुणाला कळणार नाही. ‘स्नॅच स्ट्रॅप, नायलॉन, तुटभार 8 टन, लांबी 9 मीटर, दोन्हीकडे फास’ एवढं कागदावर लिहून न्या आणि पैसे द्यायच्या आधी चिठ्ठी स्वतः वाचा.