प्रति: कास्पारोव्हचा तो गॅम्बिट

'१९८५च्या बुद्धिबळ जगज्जेतेपद लढतीच्या सोळाव्या डावात कास्पारोव्हसमोर कारपोव्ह थकला म्हणून हरला' असं या गॅम्बिटवरच्या चर्चेत म्हटलंय, ते पटत नाही. पटच बघा. सिसिलियन बचाव या सुरुवातीत, काळ्याकडून खेळताना, आठव्या खेळीला डी५ करून कास्पारोव्हनं पुढच्या फायद्यासाठी प्यादं सोडलं (हाच तो गॅम्बिट) आणि सोळाव्या खेळीला घोडा डी३वर रोवला, मागे एफ५च्या उंटाचा आधार. तिथून तो बी२, सी१, ई१, एफ२ अशी मोक्याची घरं धरतो, पांढऱ्याचे, म्हणजे कारपोव्हचे, हत्ती जागच्या जागी गुदमरतात. कारपोव्हचे घोडे कुठे? बी१ आणि ए४! एकालाही धड बाहेर पडता येईना. ४० खेळ्यांत डाव संपला.

गॅम्बिट मात्र निर्दोष नव्हता. १९८६मध्ये ब्रसेल्सला कारपोव्हनंच बाराव्या खेळीला किल्लेकोट (कॅसलिंग) न करता उंट ई३वर आणून त्यातली हवा काढली. त्याआधी १९८५च्या त्याच लढतीतल्या बाराव्या डावातही कास्पारोव्हनं हाच गॅम्बिट खेळला होता, तो डाव १८ खेळ्यांत बरोबरीत सुटला.