रग्बी प्रीमियर लीगचे दोन आठवडे झाले. उरलेल्या पन्नास आठवड्यांचे काय?

पंधरावा गडी (चर्चाप्रस्ताव)

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम पार पडला. सहा फ्रँचायझी, सात-सात जणांचा म्हणजे सेव्हन्स प्रकार आणि एकाच मैदानावर दोन आठवड्यांत ३४ सामने. ऑलिम्पिक खेळलेल्या परदेशी खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून आपली मुले टॅकल करताना (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना) टीव्हीवर दिसली, अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला ४१-० असे हरवले आणि या खेळावर जीव असलेल्या माझ्यासारख्यांना मनापासून आनंद झाला. मात्र लीगमध्ये खेळलेला भारतीय खेळाडू जुलैमध्ये कुठे खेळला, कोणत्या संघासाठी, कोणाविरुद्ध, आणि त्या महिन्यात त्याच्या घरात पैसे कुठून आले, हे प्रश्न त्या आनंदानंतरही शिल्लक राहतात.

माझे म्हणणे असे आहे की हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली पातळी आपल्याकडे जवळजवळ नाहीच, आणि ती उभी राहिल्याशिवाय लीग कितीही देखणी असली तरी तिला राष्ट्रीय व्यवस्था म्हणता येणार नाही. मुंबई, पुणे, कोलकाता, भुवनेश्वर, दिल्ली, पाटणा अशा शहरांत तीन-चार महिने चालणारी, ठरलेल्या वेळापत्रकाची शहर लीग हवी. तिच्यातून विभागीय संघ निवडले जावेत. आणि राष्ट्रीय संघाच्या पंचवीस-तीस खेळाडूंना महासंघाने वर्षभराचा करार द्यावा. फ्रँचायझीच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा तिच्या शहराच्या लीगकडे जाईल, अशी अट करारातच असावी.

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियन, म्हणजे पंधराजणांची मूळ रग्बी, हौशीपणाच्या बंधनातून मोकळी झाली, तेव्हा आयर्लंडने आपल्या चार जुन्या प्रांतांना व्यावसायिक संघ केले, प्रमुख खेळाडूंचे करार राष्ट्रीय संघटनेकडे ठेवले आणि क्लबांची देशव्यापी लीग खालच्या पातळीवर चालूच ठेवली. वेल्सने २००३ मध्ये जुन्या क्लबांच्या जागी पाच नवे प्रादेशिक संघ केले, त्यांपैकी केल्टिक वॉरियर्स वर्षभरातच बंद पडला आणि आपला क्लब गेला असे वाटणारा प्रेक्षक पुढे कित्येक वर्षे या संघांना आपले मानायला तयार नव्हता. लोकसंख्येने लहानच असलेले हे दोन देश. एकाने असलेल्या मुळांवर बांधले, दुसऱ्याने नकाशावर रेघा ओढल्या.

आपल्या देशातही याचा एक दाखला आहे. कलकत्त्यातील इंग्रजांच्या, रग्बी खेळणाऱ्या फुटबॉल क्लबकडे पैसा होता, पण खेळणारे पांगले आणि स्थानिक माणूस त्यात कधी घेतलाच नव्हता. म्हणून १८७८ मध्ये क्लब मोडला आणि बँकेतील चांदीचे रुपये वितळवून केलेला कलकत्ता चषक इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यासाठी विलायतेला गेला. तो चषक आजही तिथे खेळला जातो.

हिशेबनीस

आपला प्रस्ताव कागदावर सुंदर आहे, परंतु त्याचा खर्च कोण करणार हा प्रश्न त्यात एका वाक्यात उरकला आहे. शहर लीग म्हणजे मैदानाचे भाडे, पंच, रुग्णवाहिका, प्रवास, जर्सी आणि विमा; हा खर्च दर आठवड्याला येतो आणि त्याच्या बदल्यात तिकिटाचा एक रुपयाही मिळत नाही. आयर्लंडमध्ये प्रांतांचे संघ शतकाहून अधिक काळ खेळत होते आणि राष्ट्रीय सामन्याला स्टेडियम भरत होते. आपल्याकडे १९६८ मध्ये महासंघ स्थापन झाला, तरी पहिला पंधराजणांचा आंतरराष्ट्रीय सामना खेळायला १९९८ उजाडले. तीस वर्षे आपण खालूनच बांधत होतो. किती मजले झाले?

भारतात क्रम उलटा आहे आणि तो स्वीकारण्यात काहीही कमीपणा नाही. प्रथम खेळ टीव्हीवर दिसतो, मग पालक विचारतात, मग शाळा विचारते आणि मग जिल्हा संघटनेकडे अर्ज येतात. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, त्याआधी कबड्डीपटू म्हणून मुलाला गल्लीबाहेर कोण ओळखत होते? प्रायोजकांना पहिल्या वर्षापासून शहर लीगचा भार उचलायला लावला, तर सहापैकी चार फ्रँचायझी दुसऱ्या वर्षी दिसणार नाहीत, आणि मग ना लीग राहील ना शहर लीग.

तांबडी माती

कबड्डीचे उदाहरण दिले म्हणून लिहितो, कारण हे उदाहरण हिशेबनीस यांच्या बाजूने नव्हे, विरुद्ध बाजूने जाते. प्रो कबड्डीला २०१४ मध्ये तयार खेळाडू मिळाले ते आकाशातून पडले नव्हते. लालबाग, परळ, प्रभादेवी, ठाणे, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी येथील मंडळे कित्येक दशके मॅटशिवाय, मातीवर, रात्री दिवे लावून स्पर्धा भरवत होती, आणि त्यांच्या वर व्यावसायिक गट होता: महिंद्रा, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, एअर इंडिया. कंपनीत नोकरी, दुपारनंतर सराव, महिन्याला पगार. टीव्हीने त्या माणसांना प्रसिद्धी दिली, त्यांना घडवले नाही. हरियाणात तेच काम गावांच्या आखाड्यांनी आणि सैन्यदलांच्या भरतीने केले.

मात्र चर्चाप्रस्तावातील महासंघाचा करार हा उपायही मला अपुरा वाटतो. पंचवीस खेळाडूंना करार देऊन सव्विसाव्याचे काय? खेळाडूला बत्तिसाव्या वर्षी गुडघ्याने साथ सोडली तर पुढे काय? या बाबतीत आयर्लंडपेक्षा जपान आपल्याला जवळचा आहे. तिथे रग्बी कंपन्यांनी वाढवली. तोशिबा, सनटोरी, पॅनासॉनिक यांचे संघ कामगार-कर्मचाऱ्यांचे होते, २००३ मध्ये त्यांचीच टॉप लीग झाली आणि २०२२ पासून तिचे तीन विभागांच्या लीग वनमध्ये रूपांतर झाले. आजही त्या संघांत पूर्णवेळ व्यावसायिकांबरोबर कंपनीत नोकरी करणारे खेळाडू असतात. याच व्यवस्थेतून वाढलेल्या संघाने २०१५ च्या विश्वचषकात ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवले आणि २०१९ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली. आपल्याकडे सैन्यदल, रेल्वे, पोलीस, सार्वजनिक कंपन्या यांची क्रीडा भरती आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रग्बीच्या खेळाडूला यांतली एक नोकरी मिळाली तर तो दहा वर्षे खेळेल. लीगच्या लिलावात लागलेली बोली त्याला एका जूनपुरती पुरते.

हिशेबनीस

जपानचे दुसरे पानही वाचावे. मुनाकाता सॅनिक्स ब्लूज हा संघ कंपनीने २०२२ मध्ये बंद केला. मालकाचा ताळेबंद बिघडला की नोकरीवाला संघ आधी जातो. मुंबईच्या गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या किती संघांचे असेच झाले, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. शिवाय सरकारी उद्योगांतील भरती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ज्या झाडाची सावली आटत चालली आहे त्याच्याखाली नवा खेळ नेऊन बसवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पंधरावा गडी

लीगने खेळ उभा राहतो या विधानाची परीक्षा हॉकीत झालेली आहे. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली, २००८ मध्ये संपली. २०१२ मध्ये वर्ल्ड सीरिज हॉकी एकच हंगाम चालली. हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ चालली आणि थेट २०२४ च्या डिसेंबरमध्ये परतली. ती बंद होती त्याच काळात आपण टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ते कशावर मिळाले? २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांना दिलेल्या प्रायोजकत्वावर, बंगळुरूच्या वर्षभर चालणाऱ्या शिबिरांवर आणि खेळाडूंच्या नोकऱ्यांवर. फुटबॉलमध्ये तर महासंघाने व्यावसायिक हक्क एका कंपनीला दिले, २०२५ मध्ये त्या कराराचे नूतनीकरण अडले आणि इंडियन सुपर लीगचा हंगामच अधांतरी राहिला. खालची व्यवस्था वरच्या कराराला टांगली की काय होते, हे त्या वर्षी खेळाडूंनी घरी बसून पाहिले.

हिशेबनीस

टोकियोच्या संघातील बहुतेक खेळाडू त्याच २०१३ ते २०१७ च्या लीगमध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच खेळाडूंबरोबर एका ड्रेसिंग रूममध्ये वाढले होते. लीग बंद पडली तरी तिने घडवलेली पिढी राहिली. रग्बीतही दोन आठवडे फिजीच्या खेळाडूबरोबर सराव केलेला मुलगा जे शिकतो, ते त्याला शहर लीगच्या तीन महिन्यांत शिकवणारा कोणी नाही.

भुवनेश्वरहून

मी मूळची साताऱ्याची असून बरीच वर्षे ओडिशात मुलींच्या क्रीडा वसतिगृहांशी संबंधित काम करते. आतापर्यंतची सगळी चर्चा मुलग्यांची चालली आहे. लीगचा पहिला हंगामही फक्त पुरुषांचा होता. भारतीय रग्बीत गेल्या दहा वर्षांत सर्वांत उठावदार प्रगती कोणी केली असेल तर ती मुलींनी. पंधराजणींच्या प्रकारातील पहिला आंतरराष्ट्रीय विजय महिला संघाने २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून मिळवला. या मुली जिमखान्यांतून आलेल्या नाहीत. त्या ओडिशाच्या आदिवासी निवासी शाळांतून आल्या, बिहारच्या नालंदा जिल्ह्यातून आणि बाढच्या आसपासच्या गावांतून आल्या. बिहार सरकारने पदक मिळवणाऱ्या खेळाडूंना थेट नोकरी देण्याची योजना आणल्यावर तिथल्या घरांत मुलीला मैदानावर पाठवण्याविषयीचे बोलणे बदलले; आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आशियाई २० वर्षांखालील सेव्हन्स स्पर्धा भरली ती मुंबईत किंवा दिल्लीत नव्हे, राजगीरला.

म्हणून शहर लीगच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. ज्या शहरांची यादी दिली आहे तिथे क्लबात येण्यासाठी बसभाडे लागते, बूट लागतात, संध्याकाळी सातनंतर घरी परतण्याची सोय लागते. सतरा वर्षांच्या मुलीला शाळा सुटल्यावर वसतिगृहही सुटते आणि त्याच दिवशी तिचा खेळ संपतो. गळती तिथे आहे: सतरा ते बावीस या वयात. तिथे वसतिगृह असलेले महाविद्यालय, आहार आणि प्रशिक्षक हवा आहे. निवासी शाळेतून निघालेल्या मुलीला शहराच्या क्लबांची लीग उपयोगी पडायची, तर आधी ती त्या शहरात राहू शकली पाहिजे.

पुण्याचा फिजिओ

पैशांच्या आधी एक गोष्ट ठरली पाहिजे. डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडू त्याच क्षणी मैदानाबाहेर आणि टप्प्याटप्प्यानेच परत, हा जागतिक रग्बी संघटनेचा नियम हौशी सामन्यालाही लागू आहे. तो पाळायला प्रशिक्षित माणूस मैदानाच्या कडेला उभा असावा लागतो. इंग्लंडच्या २००३ च्या विश्वविजेत्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन याला चाळिशीच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, आणि त्याच्यासारख्या अनेक माजी खेळाडूंनी संघटनांना न्यायालयात खेचले आहे. सहा शहरांत दर शनिवारी चार-चार सामने भरवणार असाल, तर तितक्या ठिकाणी हा माणूस आहे का? नसेल तर शाळांत टॅकल नसलेली टॅग रग्बी, वर सेव्हन्स आणि पंधराजणांचा खेळ फक्त मोजक्या केंद्रांत, इतकेच सध्या पेलवेल. स्क्रमच्या (दोन्ही संघांचे गडी खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्या जुंपणीच्या) पहिल्या फळीत मान न घडवलेल्या मुलाला उभे करणे मला कोणत्याही व्यवस्थेच्या नावाखाली मान्य नाही.

तांबडी माती

फिजिओंच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. पावसाळ्यातली मैदाने पाहता मुंबईत तर हा खर्च प्रथम धरावा.

पंधरावा गडी

भुवनेश्वरहून आलेले पत्र मी दोनदा वाचले. गळती सतरा ते बावीस या वयात आहे, हे माझ्या मांडणीतल्या मधल्या पातळीचेच अधिक अचूक वर्णन आहे. ती पातळी शहर क्लबाने भरायची की निवासी महाविद्यालयाने, याचे उत्तर राज्यागणिक वेगळे येऊ शकते, आणि ओडिशात ते महाविद्यालयच असेल. परंतु त्या मुलीलाही आठवड्याला एक सामना हवाच. वर्षभर सराव आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत तीन दिवसांत सहा सामने, अशाने खेळाडू तयार होत नाही, जखमी होतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला वाद १३० वर्षांचा आहे. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील २२ क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले, कारण गिरणीत आणि खाणीत शनिवारी काम करणाऱ्या खेळाडूला सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून द्यायला ती संघटना तयार नव्हती. ज्यांची मजुरी बुडत नव्हती त्यांनी हौशीपणाचे तत्त्व सांगितले आणि ज्यांची बुडत होती ते निघून गेले. आपल्याकडे आज राष्ट्रीय शिबिराला तीन आठवडे जाणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी कोण देते? पंचवीस करारांआधी ही भरपाई सुरू करा, प्रत्येक शिबिरार्थीला, मुलगा असो वा मुलगी. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने खेळाडूंना महासंघांच्या कारभारात जागा दिली आहे. त्या जागेवर बसणाऱ्याने पहिली मागणी हीच करावी. आणि फ्रँचायझीच्या करारात तिच्या राज्यातील एका केंद्राचा वर्षभराचा फिजिओ आणि प्रशिक्षक एवढा खर्च बंधनकारक करावा. ही रक्कम एका परदेशी खेळाडूच्या विमानप्रवास, निवास आणि मानधनापेक्षा जास्त होईल असे मला वाटत नाही.

हिशेबनीस

बुडालेल्या मजुरीची भरपाई महासंघाने द्यावी, हे मला मान्य आहे आणि त्यासाठी लीगच्या उत्पन्नातला महासंघाचा वाटा राखून ठेवावा, हेही मान्य आहे. फ्रँचायझीवरील सक्ती मात्र तिसऱ्या हंगामानंतर यावी. पहिली दोन वर्षे तोटा सोसणाऱ्या मालकाला अट घातली की तो सही करत नाही.

भुवनेश्वरहून

तिसऱ्या हंगामापर्यंत आज सतरा वर्षांची असलेली मुलगी एकोणीस-वीस वर्षांची होईल. आमच्याकडच्या बहुतेक घरांत तोवर तिचे लग्न झालेले असते. अट पहिल्या करारातच हवी, रक्कम लहान असली तरी चालेल.