‘नॉन-कोडिंग आरएनए’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
विषाणूंवरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. ‘नॉन-कोडिंग आरएनए’साठी आधी ‘निरर्थक आरएनए’ लिहिलं आणि लगेच खोडलं. मग ‘असंकेती’ केलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे बिनकामाचा का गं?” ‘कोड’ तसाच ठेवावा तर अंगावरचे पांढरे डाग आठवतात. काय लिहू?

प्रतिसाद
‘निरर्थक’ खोडलंत ते फार बरं केलंत. या आरएनएवरून प्रथिन बनत नाही, एवढंच त्या नावात आहे. काम तो करतोच.

हिपॅटायटिस सी घ्या. यकृताच्या पेशींत एमआयआर-१२२ नावाचा जेमतेम २२ अक्षरांचा मायक्रोआरएनए, म्हणजे प्रथिन न घडवणारा इवलासा आरएनए, मुबलक असतो. एरवी मायक्रोआरएनए संदेशवाहक आरएनएला (ज्यावरून प्रथिन बनतं त्याला) चिकटला की प्रथिन बनणं मंदावतं. इथे उलटं घडतं. हा विषाणूच्या आरएनएला अगदी सुरुवातीलाच दोन ठिकाणी चिकटतो, आणि आरएनए कुरतडणाऱ्या विकरांपासून (एन्झाइमांपासून) ते टोक वाचतं. म्हणजे आपल्याच पेशीतली वस्तू विषाणू ढालीसारखी वापरतो! एमआयआर-१२२ अडवला की विषाणूची वाढ खालावते, हे २००५ साली दाखवलं गेलं. त्यावरूनच मिराव्हिर्सेन हे इंजेक्शन तयार झालं. रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले: डोस वाढवला तसा रक्तातला विषाणू जास्त घटला. अशा आरएनएला कमतरता सुचवणारं नाव देणं मला पटत नाही.

प्रतिसाद
अडचण त्या ‘अ’मध्ये आहे. असमर्थ, अपुरा, असहाय… काहीतरी उणं असल्यासारखं वाटतं. शाळेत मात्र आपण ‘अशिक्षक कर्मचारी’ म्हणत नाही, ‘शिक्षकेतर कर्मचारी’ म्हणतो. ते वर्गात शिकवत नाहीत, पण त्यांच्यावाचून शाळा एक दिवस चालायची नाही. त्याच चालीवर ‘संकेतेतर आरएनए’ का नको? ‘कोड’साठी ‘कूट’ घेऊ नका, शेंगदाण्याचा आठवतो.

प्रतिसाद
‘प्रथिनेतर’ जास्त सोपं नाही का?

प्रतिसाद
सोपं आहे, पण चुकीचं. आरएनए मुळात प्रथिन नसतोच, त्यामुळे सगळेच आरएनए प्रथिनेतर ठरतील.

प्रश्नकर्ती
‘शिक्षकेतर’ एकदम पटलं. पहिल्या उल्लेखात ‘प्रथिन न घडवणारा’ असं उलगडून सांगेन, पुढे ‘संकेतेतर’.

आणखी एक अडलंय. डेंग्यूच्या विषाणूचा आरएनए पेशीतलं विकर एका टोकापासून खात येतं, पण शेवटाकडे आरएनएला घट्ट गाठीसारखा आकार असतो, तिथे ते अडतं. न खाल्लेला तुकडा साचत जातो आणि पेशीच्या बचावात खोडा घालतो. या तुकड्याला ‘अवशेष’ म्हणू?

प्रतिसाद
अवशेष किल्ल्याचे. तो शब्द वाचला की गोष्ट संपली असं वाटतं, आणि इथे तर तुकड्याचं खरं काम उरल्यावरच सुरू होतं. ‘शेष आरएनए’ म्हणा. भागाकारातला शेष सगळ्यांना माहीत असतो. विकराने केलेली वजाबाकीही त्यात आपोआप आली.

प्रश्नकर्ती
घेतला! आता ‘तो आरएनए’ की ‘ते आरएनए’? आरएनए म्हणजे रायबोन्यूक्लिक आम्ल, आणि ‘आम्ल’ नपुंसकलिंगी आहे.

प्रतिसाद
‘तो’च ठेवा. वर आपण सगळ्यांनी न ठरवता तसंच लिहिलंय.