नोकरी करता करता दोन पदव्या एकदम: कराव्या की नाही?

बर्डीकर:
चाळिशीतल्या नोकरदारानं इथं नागपूरच्या कॉलेजात तीन वर्षांचं एलएलबी आणि सोबत इग्नूचं, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या मुक्त विद्यापीठाचं, दूरस्थ एमए, असं एकदम करावं की एकामागून एक? मी एकदमच्या बाजूनं. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) एप्रिल २०२२ पासून मुभा दिलीच आहे. वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही रेग्युलरसुद्धा चालतात, फक्त पीएचडी त्यात धरत नाहीत. मग एकामागून एक करत तीन आणि दोन अशी पाच वर्षं कशाला घालवायची?

वकिलीण_बाई:
एलएलबीला यूजीसीची मुभा पुरत नाही, भाऊ. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत सहावा नियम वाचा. एलएलबीसोबत दुसरी रेग्युलर पदवी चालत नाही. दूरस्थ अभ्यासक्रमाला सूट आहे. म्हणजे तुमची जोडी बसते, पण रेग्युलर एमए घेतलं असतं तर अडकले असते. आणि एलएलबीची ७० टक्के हजेरी नोकरी बघत नाही.

सदरकर:
नियम बसला तरी तास बसत नाहीत ना! इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एमए समजा ८० क्रेडिटचं, दोन वर्षांत संपवायचं. वर्षाला १२०० तास, आठवड्याला २३. वर नोकरी, वर एलएलबीचे वर्ग. शनिवार-रविवार गेले समजा. त्यापेक्षा आधी एलएलबी, मग एमए.

बर्डीकर:
दोन वर्षं हा किमान काळ आहे, कमाल चार. चार वर्षांत पसरलं की आठवड्याला साडेअकरा तास. तेवढे निघतात.

सदरकर:
मग वाचलं काय? एलएलबी तीन वर्षांत संपेल आणि एमए चौथ्या वर्षी. एकामागून एक केलं तर पाच. एका वर्षासाठी तीन वर्षं जीव टांगणीला.

अभ्यासकेंद्र:
दोघंही मुख्य घोळ सोडून राहिले. तारखा! इग्नूची सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरची. विद्यापीठाची उन्हाळी-हिवाळी कधी सरकेल याचा नेम नाही. सरकली की थेट इग्नूवर येऊन पडते, आणि तुमच्यासाठी तारीख कोणीच बदलत नाही. म्हणून इग्नूचा परीक्षा फॉर्म भरताना सगळे पेपर टाकू नका, दोन-तीनच टाका. राहिलेले पुढच्या सत्रात. पेपर राहिला तर पुढं देता येतो, त्याची फी मात्र परत भरावी लागते.

असाइनमेंट चुकवू नका. ३० टक्के वजन तिचं, ७० टक्के परीक्षेचं, आणि एमएला दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. पेपरात ७० मिळाले तरी असाइनमेंट न दिल्यास तो विषय अपूर्णच दिसतो. अमरावती रोडवरच्या विभागीय केंद्रात चकरा मारणाऱ्यांत असे बरेच असतात.

वकिलीण_बाई:
आणखी एक. आता दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, तो एबीसी आयडीवरून (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याच्या क्रमांकावरून) निघतो. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर तिथंच गाडी थांबते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायांनी हे प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

सदरकर:
पाहा, एवढा पसारा! वकिलीच करायची असेल तर एमए कशाला? हौस असेल तर वकिलीची सनद घेतल्यावर करा.

बर्डीकर:
हौसेला सनदेपर्यंत थांबवायचं म्हणता? मी दोन-तीन पेपरवालं गणित धरतो. तारखा भिडल्या तर इग्नूचा पेपर सोडीन, एलएलबीचा नाही.