चर्चा: रिचर्ड क्लार्क यांचा बुश यांच्यावरचा आरोप तुम्हाला पटतो का?

दर्यावर्दी

रिचर्ड क्लार्क यांचं 'अगेन्स्ट ऑल एनिमीज' पुन्हा वाचून काढलं. मार्च २००४ मध्ये ते आलं तेव्हा अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष होतं, त्यामुळे मजकूर बाजूला राहिला आणि लोक लेखकावरच तुटून पडले. आता तरी मजकुराबद्दल बोलू या.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लार्क यांचा आरोप असा, की ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याआधी बुश यांनी अल कायदाचा धोका गांभीर्यानं घेतला नाही आणि नंतर इराककडे मोर्चा वळवला. क्लार्क रेगन यांच्या काळापासून सरकारात वरिष्ठ पदांवर होते. क्लिंटन यांनी त्यांना दहशतवादविरोधी कामाचे राष्ट्रीय समन्वयक नेमलं आणि बुश आल्यावरही ते त्याच कामावर राहिले. फरक असा पडला की क्लिंटन यांच्या वेळी या विषयावर ते थेट मंत्र्यांच्या बरोबरीनं बसत, बुश यांच्या वेळी तोच विषय आधी उपमंत्र्यांच्या समितीपुढे जाऊ लागला.

२० जानेवारी २००१ ला बुश यांचा शपथविधी झाला. २५ जानेवारीला क्लार्क यांनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉंडोलिझा राइस यांना टिपण पाठवलं आणि अल कायदावर वरिष्ठ मंत्र्यांची बैठक तातडीनं बोलवा अशी मागणी केली. ती बैठक झाली ४ सप्टेंबरला. मधल्या काळात सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट सतत धोक्याचे इशारे देत होते. ६ ऑगस्टला बुश टेक्सासमध्ये क्रॉफर्डला आपल्या रँचवर होते. त्या दिवशीच्या गुप्तचर टिपणाचा मथळाच असा होता की बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्याच्या निर्धारात आहे. विमान अपहरणाच्या तयारीशी जुळणाऱ्या संशयास्पद हालचालींचा उल्लेखही त्यात होता. त्या दिवसापासून ११ सप्टेंबरपर्यंत राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे वरिष्ठ सल्लागार यांच्यात अमेरिकेतल्या हल्ल्याच्या शक्यतेवर पुढे काही चर्चा झाल्याची खूण ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाला सापडली नाही.

हल्ला टळला असता का, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण राष्ट्राध्यक्षांनी आपलं काम केलं का, याचं उत्तर देता येतं आणि माझ्या मते ते 'नाही' असंच आहे. २,९७७ माणसं गेल्यावर निदान एवढं तरी स्पष्ट म्हणायला हवं.

तुम्हाला काय वाटतं?

सडेतोड

असहमत. आणि कारण क्लार्क यांच्याच तोंडचं आहे.

२४ मार्च २००४ ला त्यांची आयोगापुढे साक्ष झाली. स्लेड गॉर्टन या सदस्यांनी त्यांना सरळ विचारलं, की तुमच्या २५ जानेवारीच्या सगळ्या शिफारशी दुसऱ्याच दिवशी मान्य झाल्या असत्या, तर ११ सप्टेंबर टळण्याची थोडी तरी शक्यता होती का? क्लार्क यांचं उत्तर एका शब्दाचं होतं : नाही.

मग बैठक कधी झाली यावर एवढा भर कशासाठी? त्या शिफारशी होत्या अफगाणिस्तानातल्या तालिबानविरोधी नॉर्दर्न अलायन्सला आणि उझबेकिस्तानला मदत वाढवण्याच्या, प्रिडेटर ही चालकरहित विमानं पुन्हा पाठवण्याच्या. अपहरणकर्ते तर तेव्हा अमेरिकेत विमान चालवायला शिकत होते.

शिवाय आठ महिन्यांचा हिशेब मांडायचा तर त्याआधीच्या क्लिंटन यांच्या आठ वर्षांचाही मांडा. फेब्रुवारी १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली पहिला स्फोट. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकी दूतावासांवर हल्ले, २२४ मृत्यू. ऑक्टोबर २००० मध्ये येमेनच्या एडन बंदरात यूएसएस कोल या युद्धनौकेवर हल्ला, १७ नौसैनिक गेले. उत्तर काय दिलं? २० ऑगस्ट १९९८ ला एकदा क्षेपणास्त्रं डागली, त्यातलीही काही सुदानमध्ये खार्टूमच्या औषध कारखान्यावर, ज्याच्याबद्दलचा पुरावा पुढे संशयास्पद ठरला. त्यानंतर डिसेंबर १९९८ ते मे १९९९ या काळात बिन लादेनवर नेम धरता येईल असे प्रसंग आले, आणि प्रत्येक वेळी निर्णय झाला तो थांबण्याचा.

त्यातला फेब्रुवारी १९९९ चा प्रसंग तर क्लार्क यांच्याशीच जोडलेला आहे. कंदाहारच्या दक्षिणेला शिकारीसाठी अमिरातीच्या पाहुण्यांचा तळ पडला होता आणि बिन लादेन तिथे येऊन जातो अशी खबर होती. हल्ला झाला नाही. मार्चमध्ये क्लार्क यांनी अमिरातीच्या अधिकाऱ्याला फोन करून नाराजी कळवली, आणि आठवडाभरात तो तळ घाईघाईनं उठला. सीआयएच्या लोकांना वाटलं की हातातली जागा गेली. फोनला सीआयएची संमती होती असं क्लार्क सांगतात. असेलही. पण हे सगळं घडलं ते बुश यांच्या कारकिर्दीत नव्हे.

न्यूजर्सीकर

मी इथे हडसन नदीच्या अलीकडे राहतो. आमच्या भागातली कित्येक माणसं त्या सकाळी ट्रेननं मॅनहॅटनला गेली आणि परत आली नाहीत. म्हणून या विषयावर अलिप्तपणे लिहिणं मला जमत नाही.

सडेतोड, क्लार्क यांचं 'नाही' तुम्ही त्यांच्या विरोधात वापरता आहात, मला ते त्यांच्या बाजूचं वाटतं. खोटं बोलून स्वतःला मोठं करणारा माणूस त्या प्रश्नाला 'हो' म्हणाला असता.

आणि त्याच दिवशी साक्षीच्या सुरुवातीला त्यांनी सभागृहात बसलेल्या कुटुंबीयांकडे वळून सांगितलं, की तुमच्या सरकारनं तुम्हाला दगा दिला, तुमच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्यांनी दगा दिला, आणि मीही दिला. त्यांनी क्षमा मागितली. तोपर्यंत एवढ्या वरच्या पदावरच्या एकाही माणसानं हे केलं नव्हतं. तो आयोगसुद्धा सुखासुखी बसला नाही. प्रशासनाचा आधी त्याला विरोध होता. न्यू जर्सीतल्या चार विधवांनी वॉशिंग्टनच्या खेपा घालून, खासदारांच्या कार्यालयांत ठाण मांडून तो रेटला, तेव्हा कुठे नोव्हेंबर २००२ मध्ये कायदा झाला. राइस यांनी शपथेवर जाहीर साक्ष द्यावी यासाठीही दबावच आणावा लागला. बुश आणि चेनी आयोगाला भेटले ते एकत्र, शपथेशिवाय आणि ध्वनिमुद्रणाशिवाय.

ज्यांचं माणूस गेलं त्यांना उत्तर द्यायला राष्ट्राध्यक्षाला उपराष्ट्राध्यक्ष शेजारी का लागावा?

खडूफळा

भावना समजते, न्यूजर्सीकर. पण क्षमा मागणं आणि विश्लेषण बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्लार्क यांच्या मांडणीचा कणा डिसेंबर १९९९ च्या उदाहरणावर उभा आहे. सहस्रक बदलाच्या वेळी हल्ले होणार अशी खबर होती. क्लिंटन यांचे वरिष्ठ मंत्री जवळजवळ रोज भेटत होते, त्यामुळे एफबीआय आणि इतर यंत्रणांना वरून सतत हलवलं जात होतं. क्लार्क म्हणतात की २००१ च्या उन्हाळ्यात असंच केलं असतं तर खाली अडकलेली माहिती वर आली असती.

राइस यांनी एप्रिल २००४ च्या साक्षीत याला दिलेलं उत्तर मला बिनतोड वाटतं. तो कट उधळला कसा? वॉशिंग्टन राज्यात पोर्ट एंजेलिसला बोटीतून उतरणाऱ्या अहमद रेसामच्या वागण्याचा सीमाशुल्क अधिकाऱ्याला संशय आला, गाडी तपासली आणि स्फोटकं निघाली. मंत्र्यांच्या बैठकीचा त्या अटकेशी संबंध नव्हता. यश मिळालं ते धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याच्या नजरेमुळे आणि श्रेय चाललंय व्हाइट हाउसच्या बैठकीला.

दर्यावर्दी

खडूफळा, रेसामबद्दल तुमचं बरोबर आहे. पण पकडल्यानंतर काय झालं तेही बघा. त्या अटकेनंतर अमेरिका आणि कॅनडात त्याच्या साथीदारांचा माग काढला गेला, कारण वरचे लोक जागे होते आणि रोज विचारत होते.

आता २००१ घ्या. नवाफ अल हाझमी आणि खालिद अल मिहधार, ११ सप्टेंबरच्या अपहरणकर्त्यांपैकी दोघं. जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरच्या बैठकीपासून ही दोन नावं सीआयएला माहीत होती. त्यातला एक अमेरिकेत आल्याचंही त्याच वर्षी मार्चमध्ये कळलं होतं. पाळत यादीत ती गेली ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. जुलैमध्ये फिनिक्सच्या एफबीआय एजंटनं लिहून कळवलं की संशयास्पद माणसं विमान प्रशिक्षण शाळांत शिकताहेत, नीट तपासा. १६ ऑगस्टला मिनेसोटात झकारियास मुसावी पकडला गेला, तोही विमान शिकणारा. हे तीन कागद तीन टेबलांवर पडून होते. ते एका टेबलावर आणण्याची ताकद कुणाकडे होती? समन्वयकाकडे नव्हती, त्याला खालच्या समितीत ढकललं होतं. ती होती राष्ट्राध्यक्षाकडे.

खडूफळा

क्वालालंपूर जानेवारी २००० चं. म्हणजे तुमच्याच उदाहरणातलं पहिलं वर्ष क्लिंटन यांचं, आणि तेव्हा मंत्री नुकतेच रोज भेटून उठले होते. तरी ती दोन नावं एफबीआयच्या टेबलावर नीट पोचली नाहीत. रोग यंत्रणांमधल्या भिंतींचा होता. आयोगानंही चार अपयशं सांगितली ती कल्पनाशक्तीची, धोरणाची, क्षमतेची आणि व्यवस्थापनाची. एका माणसाचं नाव त्यात नाही.

मृगनक्षत्र

तुम्ही सगळे ११ सप्टेंबरच्या आधीच घुटमळताय. मला पुस्तकाचा नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटला.

१२ सप्टेंबरच्या संध्याकाळी व्हाइट हाउसच्या सिच्युएशन रूममध्ये बुश यांनी क्लार्क आणि इतर काही जणांना गाठून सांगितलं, की यात सद्दामचा हात आहे का ते बघा. क्लार्क म्हणाले, हे अल कायदाचं काम आहे. तरी पुन्हा बघा, असं उत्तर आलं. व्हाइट हाउसनं सुरुवातीला अशा भेटीची नोंदच नाही असं म्हटलं, मागाहून अशी भेट झाली असावी हे मान्य केलं. अफगाणिस्तानात बॉम्ब टाकण्याजोगी लक्ष्यं नाहीत, इराकमध्ये आहेत, असं संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणत होते हेही क्लार्क सांगतात.

मार्च २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली. अफगाणिस्तानातली माणसं आणि लक्ष तिकडे गेलं. सामूहिक संहारक अस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत. सद्दाम आणि अल कायदा यांच्यात एकत्र काम करण्याइतके संबंध असल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. हा निर्णय कुठल्या भिंतीमुळे झाला, खडूफळा? इथे तर एकाच माणसाची सही आहे.

खडूफळा

इराकबद्दल मी बुश यांचा बचाव करणार नाही. तिथे क्लार्क यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

सडेतोड

मला नाही. निदान क्लार्क साक्षीदार म्हणून मान्य नाहीत. ऑगस्ट २००२ मध्ये याच क्लार्क यांनी पत्रकारांना पार्श्वभूमी समजावताना बुश प्रशासनाच्या अल कायदाविषयक धोरणाची भलामण केली होती. साक्षीच्या दिवशीच त्याचा वृत्तांत बाहेर आला. दोन वर्षांत माणूस उलट बोलायला लागतो आणि पुस्तकही काढतो, तेव्हा त्याच्या आठवणींवर इतिहास कसा रचायचा?

न्यूजर्सीकर

त्यावर त्यांनी आयोगापुढेच खुलासा केला होता : राष्ट्राध्यक्षांचा विशेष सहायक म्हणून मला चांगली बाजू ठळक करायला आणि उणी बाजू झाकायला सांगितलं होतं. नोकरीत असताना वरिष्ठांची बाजू मांडावी लागते. आणि २५ जानेवारीचं टिपण, ६ ऑगस्टचा मथळा, ४ सप्टेंबरची तारीख, यातलं काहीही क्लार्क यांच्या आठवणीवर अवलंबून नाही. हे सगळे सरकारी कागद आहेत.

चौपाटी

मुंबईत राहून हे वाचताना एक गोष्ट खुपते. अमेरिकेत आयोगाच्या सुनावण्या टीव्हीवर झाल्या आणि जुलै २००४ मध्ये अहवाल पुस्तकांच्या दुकानात आला. २६/११ नंतर आपल्याकडे राम प्रधान समिती बसली, तिचा अहवाल विधिमंडळात यायला डिसेंबर २००९ उजाडला. जाहीर सुनावणी एकही नाही. विलासराव, आर. आर. आणि शिवराज पाटील या तिघांनी पदं सोडली, पण समुद्रमार्गे हल्ल्याची आगाऊ खबर कुणाकडे होती आणि त्यानं तिचं काय केलं, हे एकाही मंत्र्याला शपथेवर सांगावं लागलं नाही. क्लार्क बरोबर की चूक यावर तुम्ही भांडू शकता, कारण तिथले कागद उघडे झाले. आम्हाला भांडायलाही कागद नाहीत.

मृगनक्षत्र

चौपाटी, शंभर टक्के अनुमोदन. यावर वेगळा धागा काढाच.

सडेतोड

कागदांवरच बोलायचं असेल तर माझा एक प्रश्न अजून शिल्लक आहे. कोलवरचा हल्ला क्लिंटन यांच्या काळात झाला. तीन महिने हातात होते. एकही क्षेपणास्त्र सुटलं नाही. दर्यावर्दी, त्याचं काय?

दर्यावर्दी

तिथे क्लिंटन कमी पडले असं माझंही मत आहे. डिसेंबर २००० मध्ये सीआयएनं दिलेला निष्कर्ष प्राथमिक होता आणि तेवढ्यावर त्यांनी हात आखडता घेतला. पण बुश आल्यावर अल कायदाचा हात स्पष्ट होत गेला आणि तरीही उत्तर गेलं नाही. विषय शिळा झाला असं त्यांच्या माणसांनी आयोगाला सांगितलं. सतरा नौसैनिक जाऊन चारच महिने झाले होते. राष्ट्राध्यक्ष एकेक माशी मारावी तशा सुट्या कारवायांना कंटाळले होते, त्यांना सर्वंकष धोरण हवं होतं, असं राइस म्हणाल्या. त्यावर बॉब केरी या सदस्यांनी त्यांना विचारलं, की तोवर त्यांनी मारलेली एक तरी माशी दाखवा. राइस यांना एकही दाखवता आली नाही.